तासांची वही

सरकारी कचेरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला तासांचा हिशेब नवा नसतो. हजेरीपट, अर्धी रजा, उशिरा येण्याची लाल खूण... सगळे अंगवळणी पडलेले. त्यामुळे भाचीने तिची वही पुढे केली तेव्हा मी सवयीने आधी सह्या पाहिल्या. प्रत्येक ओळीला तारीख, रुग्णाचे वय, तक्रार, काय केले, किती वेळ आणि शेवटी मार्गदर्शकाची सही. सही नसेल तर तो तास झालाच नाही!

बहीण मच्छेला दिलेली. अनमोडचा घाट चढून लोंढा-खानापूरमार्गे बेळगावला जाणाऱ्या आपल्या गोंयकारांना मच्छे ठाऊक असते ते बसच्या खिडकीतून. कारखाने, विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचा पसारा, की आलेच बेळगाव. उतरून पाहिले तर मात्र गंमत कळते. घरात मराठी, पाटीवर कानडी, कारखान्यात हिंदी आणि पोरांच्या दप्तरात इंग्रजी. अशा घरातली ही मुलगी वाचा-भाषा उपचारशास्त्रात एम.एस्सी. करते आहे, दक्षिण कर्नाटकात. आमच्या घरात या विषयाचे नावही कोणी धड घेत नाही. तिची आजी सांगते, "आमची नात पोरांना बोलायला शिकवत्या."

पण नुसती पोरे नव्हेत. वहीत तोतरे बोलणारे आहेत, टाळू दुभंगलेली बाळे आहेत, आवाज बसलेल्या शिक्षिका आहेत, अर्धांगाच्या झटक्यानंतर शब्द हरवलेले म्हातारे आहेत. असे दर प्रकारचे रुग्ण पाहावे लागतात. अमेरिकेत तिथल्या व्यावसायिक संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी ४०० तास लागतात. त्यांतले २५ नुसते पाहण्याचे, ३७५ प्रत्यक्ष रुग्णाबरोबरचे. आपल्याकडे नियम वेगळे, पण तत्त्व तेच. पुस्तकातून ही विद्या येत नाही, माणसासमोर बसूनच येते.

मला जी गोष्ट चटका लावून गेली ती मात्र वहीत कुठेच नाही. तास कुठल्या भाषेत गेला, याला रकानाच नाही.

एका रुग्णालयात तिची पाळी असताना सीमाभागातले एक आजोबा आले. झटक्यानंतर बोलणे गेलेले. कानडीतून विचारले, हिंदीतून विचारले, आजोबा नुसते बघत. मराठी येणारी त्या दिवशी ही एकटीच, म्हणून हिला पुढे बसवले. हिने त्यांच्याबरोबर बोटे मोजायला घेतली, एक, दोन... आणि तीनपासून आजोबा स्वतःच पुढे मोजू लागले! मग हिने "पुंडलिक वरदे" एवढेच म्हटले, त्यांनी "हारी विठ्ठल" पुरे केले. पाण्याचा तांब्या दाखवल्यावर मात्र 'पाणी' हा शब्द येईना. या आजारात असे होते म्हणे. मनातले नेमके शब्द अडतात, पण मोजणी, वार, देवाची नावे अशा जिभेवर घोटलेल्या गोष्टी पुष्कळदा शाबूत राहतात. त्या वाटेने आत शिरता येते, पण वाट ज्याच्या-त्याच्या भाषेतूनच जाते. वहीत नोंद झाली, 'वाचाघात, एक तास'.

दुसरी गोष्ट बारीक, पण आपल्याला लगेच पटेल. 'चमचा' मधला च आणि 'चिमणी' मधला च वेगळे. आपल्या कोंकणीतही हा फरक आहे. कानडीत नाही. तिच्या एका कानडी मैत्रिणीने एका मराठी मुलाच्या 'चमचा'पुढे प्रामाणिकपणे चुकीची खूण केली होती, जीभ दातांकडे जाते म्हणून! भाचीने दाखवून दिल्यावर ती खूण खोडली. आणि ही काही फक्त कानडीवाल्यांचीच गोष्ट नाही. बेळगावकडचे पोर 'जेवतोय' म्हणत नाही, 'जेवालोय' म्हणते. पुण्याच्या पुस्तकाप्रमाणे गुण द्यायला बसले तर सारे मच्छे नापास होईल. त्यात बिघाड काहीच नाही, ती तिथली बोली आहे. बिघाड कुठला आणि बोली कुठली हे ओळखायला आधी ती बोली कानावर पडलेली हवी. माझ्या मते अशा तासांना दुप्पट धरले पाहिजे. पण माझे कोण ऐकणार!

सुट्टीत ती मच्छेला आली तेव्हा शेजारची बाई आपल्या मुलाला घेऊन आली. साडेतीन वर्षांचा, चार-पाच शब्दांवर अडलेला. "ह्याचा बा बी उशिराच बोलला," असे त्याची आजी म्हणते. आणि कोणीतरी सल्ला दिलेला, घरात मराठी बंद करा, दोन-दोन भाषांनी पोर गोंधळते, शाळेची इंग्रजीच बोला. आईचे इंग्रजी बेताचे. त्यामुळे झाले असे की ती त्याच्याशी बोलतच नव्हती. कामापुरते 'कम', 'सिट', 'ईट'.

भाचीने उपचार सुरू केले नाहीत. मार्गदर्शकाशिवाय विद्यार्थ्याने करायचे नसतात. तिने दोनच गोष्टी सांगितल्या. दोन भाषांमुळे पोराचे बोलणे अडत नाही, तेव्हा तुमच्या मराठीत पोटभर बोला. आणि सगळ्यात आधी कान तपासा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते, त्यात बहिरेपणा आणि भाषेतला विलंबही येतो. तिथून जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवतात. पण हे त्या बाईला कोणी सांगितले नव्हते.

बेळगावला त्यांच्याबरोबर मी गेलो. कागद भरणे हे माझे शास्त्र! अर्जात 'मातृभाषा' असा एकच रकाना, बोटभर रुंदीचा. मी त्यात 'मराठी (घरी), कानडी (गल्लीत)' असे बारीक अक्षरात बसवले. खिडकीवरच्या बाबाने एकदा माझ्याकडे पाहिले आणि शिक्का मारला.

दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलेले निघाले. त्यामुळे ऐकू कमी येते, आणि बहुतेक वेळा हे बरे होते असे डॉक्टरांनी सांगितले. पुढची तारीख मिळाली तोवर भाचीची सुट्टी संपली होती. त्या ओट्यावरच्या दुपारी तिच्या वहीत आल्या नाहीत. परवा बहिणीचा फोन आला. शेजारची आजी हल्ली भाकरी थापताना पोराला समोर बसवते, त्याच्या तोंडाकडे बघून मोठ्याने म्हणते, "पीठ... पाणी... तवा..." तव्यापर्यंत तो तिच्याबरोबर येतो. 'काटवट' अजून जमत नाही.