मिशिगन सरोवराच्या कांठीं

शिकागो हें नांव आपल्याकडील सुशिक्षित घरांत स्वामी विवेकानंदांच्या 1893 सालच्या व्याख्यानामुळें ठाऊक असतें. ज्या इमारतींत ती धर्मपरिषद भरली, ती आज चित्रसंग्रहालय म्हणून उभी आहे. प्रवासी ती पाहून कृतार्थ होतात व परततात. परंतु लोक शेजाऱ्याशीं कशावरून भांडतात आणि सरकारदरबारीं कशासाठीं खेटे घालतात, हें पाहिल्याखेरीज शहर कळत नाहीं. चिरंजीवांच्या घरीं एक हिंवाळा राहण्याचा योग आल्यामुळें या दुसऱ्या शिकागोचा जो परिचय घडला, तो वाचकांपुढें ठेवीत आहे.

शहराचे 50 वॉर्ड असून प्रत्येकाचा एक निवडून दिलेला सभासद असतो. त्यास ऑल्डरमन म्हणतात. रस्त्यांतील खड्डा, बंद पडलेला दिवा, घरामागील बोळांतल्या कचऱ्याच्या पेट्या व त्यांवर माजलेले उंदीर, या सर्वांचें गाऱ्हाणें 311 या क्रमांकावर नोंदवावयाचें आणि दाद न लागल्यास ऑल्डरमनची पायरी चढावयाची. भोंगवलीस ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जें चालतें तेंच येथें चालतें. भाषा तेवढी निराळी.

हिमाचें प्रकरण मात्र आपणांस नवें. दिवसां सात ते सात या वेळांत पडलेलें हिम रात्रीं दहाच्या आंत आपल्या घरापुढील पायवाटेवरून पांच फूट रुंद काढलेंच पाहिजे, असा नियम आहे. मोटारीची जागा फावड्यानें उकरून काढली म्हणजे ती दुसऱ्यानें बळकावूं नये म्हणून लोक तेथें मोडकी खुर्ची मांडून ठेवतात. या खुर्चीस कायद्याचा आधार नाहीं. तरी ती हलविण्याचें धाडस सहसा कोणी करीत नाहीं! 1979 च्या जानेवारींत प्रचंड हिमवर्षाव झाला व रस्ते वेळेवर मोकळे झाले नाहींत. त्याचा राग मनांत धरून मतदारांनीं पुढच्याच महिन्यांत महापौर मायकेल बिलँडिक यांस पक्षांतर्गत निवडणुकींत पाडलें आणि जेन बर्न या बाईंचा मार्ग मोकळा केला. शहराच्या त्या पहिल्या स्त्री-महापौर.

परंतु भोर तालुक्यांतील माणसाची दृष्टि शेवटीं पाण्याकडेच वळावयाची. भाटघरचें धरण आमच्याच तालुक्यांत. त्याचें पाणी निरेच्या कालव्यांनीं बारामती-फलटणकडे जातें, आणि धरण उशाला नि कोरड घशाला, हें आमच्याकडे नुसतें बोलण्यापुरतें नसतें. येथें तर पैलतीर दिसत नाहीं असें गोड्या पाण्याचें सरोवर दाराशीं आहे. त्यांत सांडपाणी जाऊं नये म्हणून या लोकांनीं 1900 सालीं कालवा काढून शहरांतील नदीचा प्रवाहच उलट फिरविला. सरोवरांत दूरवर आंतून घेतलेलें पाणी गाळून, शुद्ध करून घरोघर येतें. आणि एवढा भगीरथ प्रयत्न करून आणलेल्या त्या गंगेस अखेरच्या कांहीं फुटांत विष भेटतें! रस्त्याखालील मोठ्या नळापासून घरापर्यंतचा जोडनळ शिशाचा. 1986 सालीं देशाच्या कायद्यानें शिशाच्या नळास बंदी केली. तोंपर्यंत या शहराच्या नियमानें असा जोडनळ शिशाचाच घालणें भाग होतें. आज असे सुमारें 4 लक्ष नळ जमिनींत आहेत. अमेरिकेंतील दुसऱ्या कोणत्याही शहरांत इतके नाहींत. ते बदलण्याचा कायदा इलिनॉय राज्यानें 2021 सालीं केला. पण काम पिढीभराचें आहे.

चिरंजीवांचें विटांचें घर जुनें. तळघरांत पाण्याच्या मीटरजवळचा नळ मीं नाण्यानें खरवडून पाहिला. आंतून रुप्यासारखा चकाकला, लोहचुंबक त्यास चिकटेना. हीच शिशाची खूण. अमरकोशांत शिशास ‘नाग’ असेंही नांव दिलें आहे. वर्गांत तें पाठ करून घेतांना मुलांस त्या नांवाचें हंसूं येई. येथें वर स्वयंपाकघरांत चार वर्षांची नात पेला घेऊन उभी होती, तेव्हां मला हंसूं आलें नाहीं. शिसें मोठ्यांपेक्षां लहानांच्या मेंदूस अधिक बाधतें आणि पाण्याचा रंग, रुचि वा वास यांवरून कळत नाहीं. उकळूनही तें जात नाहीं, हें आमच्या घरच्या मंडळींस पटावयास दोन दिवस लागले.

यावरून घरांत वाद झाला. चिरंजीवांचें म्हणणें, खर्च हजारों डॉलरांचा, पालिकेची पाळी येईपर्यंत गाळणीवर भागवावें. सूनबाईंचें म्हणणें, पाळी येईल तेव्हां मुलगी लग्नाची झालेली असेल. मला सूनबाईंचें म्हणणें रास्त वाटलें व तसें मीं सांगितलें.

तोंवर सकाळीं प्रथम नळ पांच मिनिटें सोडून ठेवावयाचा, म्हणजे रात्रभर शिशांत मुरलेलें पाणी निघून जातें, आणि मग शिसें अडविणाऱ्या गाळणींत पाणी भरावयाचें, असा परिपाठ ठरला. वाहतें पाणी पाहणें आमच्या घरच्यांस सोसेना. त्या नळाखालीं बादली ठेवूं लागल्या. तें पाणी फरशी पुसण्यास जातें. तुळशीस मात्र त्या गाळणींतलेंच घालतात. जमीन गोठलेली असल्यानें नळाचें काम आतां वसंतांत, हिम वितळल्यावर काढावयाचें ठरलें आहे.