आमदारांच्या हातात काय द्यायचं?

चि. मुक्ता,


ओढ्यावरच्या पुलासाठी आमदारांना लिहिलेल्या पत्राचा मसुदा मिळाला. कळकळ ओळीओळीत आहे. पण त्यात पुलाबरोबर दवाखाना, एसटी, वीज असं सगळंच आलंय. आमदारांच्या कार्यालयात इतकी वर्षं टपाल हाताळलं, म्हणून हक्कानं सांगतो: एका पत्रात एकच मागणी ठेव.

पत्र आलं की आवक नोंदवहीत त्याला क्रमांक पडतो आणि ते कोणत्या खात्याकडे धाडायचं हे स्वीय सहायक समासात लिहितो. चार खात्यांच्या मागण्या एकत्र असल्या की पत्र ‘उचित कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेऊन कुठल्या तरी एकाच टेबलावर जातं आणि बाकीच्या मागण्या तिथंच अडकतात.

म्हणून रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते आधी ग्रामपंचायतीत विचार. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. रस्त्याचा क्रमांक मिळाला तर तो विषयाच्या ओळीतच घाल.

‘मुलांचे अतोनात हाल होतात’ हे वाक्य काढ. ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी गेलं की पलीकडच्या वस्तीवरची मुलं शाळेत पोचत नाहीत, एवढंच लिही. गेल्या पावसाळ्यात हे कोणकोणत्या तारखांना झालं ते मुख्याध्यापकांकडून हजेरीपटावरून सही-शिक्क्यानिशी घे. सोबत ग्रामसभेचा ठराव आणि फरशी पाण्याखाली असतानाचा फोटो जोड. मंत्र्यांनी किंवा अभियंत्यांनी ‘तिथं अशी अडचण नाही’ म्हटलं, तर आमदारांना तुझा कागद पुढे करता आला पाहिजे.

वेळही सांभाळ. विधिमंडळाचं अर्थसंकल्पी अधिवेशन साधारण मार्चमध्ये मुंबईत भरतं, पावसाळी अधिवेशनही तिथंच, हिवाळी नागपूरला. आमदारांना सभागृहात तारांकित प्रश्न विचारायचा तर त्याची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते. पुलाला तर निधी लागणार, आणि कामांच्या याद्या अर्थसंकल्पाच्या आधीच तयार होतात. दिवाळी संपली की लगेच पत्र दे.

शेवटी ‘लक्ष घालावे’ असं मोघम लिहू नकोस. कार्यकारी अभियंत्यांना पुलाचं अंदाजपत्रक करायला लेखी कळवावं, असं माग. रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर जिल्हा वार्षिक योजनेत, बांधकाम विभागाचा असेल तर अर्थसंकल्पात हे काम सुचवावं, असंही लिही. एवढं स्पष्ट असलं की आमदारांचं पत्र त्याच दिवशी टाइप होऊ शकतं.

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नकोस. महिन्याभरानं तोच क्रमांक घालून स्मरणपत्र दे आणि अभियंत्यांना गेलेल्या पत्राची प्रत माग. पुढं काहीच हललं नाही तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहेच: 10 रुपये शुल्काचा अर्ज आणि उत्तराला 30 दिवसांची मुदत. काम मार्गी लागलं तर आभाराचं पत्रही आठवणीनं पाठव. तशी पत्रं फार थोडी येतात.

ओळखीशिवाय काही होत नाही, असं तुला वस्तीवर ऐकावं लागेल. ओळखीनं कामं होतात, हे खरं आहे. पण कुणाचीच ओळख नसलेल्या माणसाच्या नेमक्या पत्रावरून सभागृहात प्रश्न विचारला गेलेलाही मी पाहिला आहे. आमदार तुमच्या वतीनं बोलायला निवडून दिलेले आहेत. काय बोलायचं ते त्यांना सांगणं तुमचा अधिकार आहे.

नवा मसुदा एका पानात बसव, मुलांच्या आयांच्या सह्या घे आणि मला दाखवायला न थांबता नेऊन दे.

तुझा,
मामा