जिथे 'जो' होता

चि. सायलीस,


तुझा नवा पत्ता ताईने कळवला. डेट्रॉइट, नदीकाठ, पंचवीस मजली टॉवर. नकाशात जागा शोधली आणि हसूच आलं. अगं, तू आता जिथे कुकर लावणार आहेस ना, तिथे आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलोय! तिथे जो लुई अरीना होता. बर्फावरच्या हॉकीचा, वीसेक हजार प्रेक्षकांचा. गावात सगळे त्याला नुसतं 'जो' म्हणायचे. 1979 च्या डिसेंबरात सुरू झाला, 2017 मध्ये बंद पडला आणि पुढे दोन-तीन वर्षांत पाडलाही.

दिसायला अगदी गोदाम. ऐन नदीवर बांधलेला, पण नदीकडे पाठ करून. बाहेरचे जिने उभे आणि लांबलचक. जानेवारीत त्यांवर बर्फ धरला की कठड्याला लोंबकळतच वर जायचं. आतल्या वाटा अरुंद, मध्यंतरात बाथरूमपुढे मारुतीच्या शेपटीएवढी रांग, आणि सांडलेल्या बिअरचा वास तर भिंतींतच मुरलेला. रेड विंग्ज हा संघ पाँटियाक उपनगरात जायला निघाला होता. त्याला शहरात धरून ठेवायला महापौर कोलमन यंग यांनी घाईघाईने हा बांधून घेतला. इतक्या घाईने, की आराखड्यात पत्रकारांची जागाच राहून गेली. ती मागाहून कशीबशी वर बसवली.

मला पहिल्यांदा ऑफिसातल्या एकाने ओढून नेलं. त्याआधी टीव्हीवर पाहिलं होतं, पण ती काळी चकती कुठे आहे हेच कळायचं नाही. तिकिटं स्वस्तातली, म्हणून अगदी वरच्या रांगेत बसलो, आणि तिथून सगळा पट उलगडला. त्या वेळी संघात पाच रशियन होते: फेतिसोव्ह, लारिओनोव्ह, फेदोरोव्ह, कोझलोव्ह आणि कॉन्स्तान्तिनोव्ह. पाचही जण एकदम बर्फावर उतरले की खेळाची तऱ्हाच बदलायची. इतर संघ चकती पुढे मारून तिच्यामागे धावायचे. हे मात्र मागे वळायचे, एकमेकांना देत राहायचे आणि फट दिसली की घुसायचे. इंग्रजी त्यांचं आमच्याहून मोडकं. तरी मोटारीच्या कारखान्यातले कामगार त्यांच्या नावाने बेंबीच्या देठापासून ओरडायचे. माझं नाव अर्धं कापून वापरणारा माझा सहकारी 'कॉन्स्तान्तिनोव्ह' मात्र न अडखळता म्हणायचा! तेव्हा थोडा राग यायचा, आणि बराचसा धीरही.

7 जून 1997 ला इथेच फिलाडेल्फियाच्या संघाला हरवून रेड विंग्जनी हॉकीचा सर्वोच्च चषक, स्टॅनली कप, घेतला, तब्बल 42 वर्षांनी. आठवडाही झाला नव्हता तोच कॉन्स्तान्तिनोव्हच्या गाडीला अपघात झाला आणि तो पुन्हा कधी खेळला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणाचंच कामात लक्ष नव्हतं.

आणखी एक खूळ सांगते तुझी मामी, तेही लिहितो. तिथे प्रेक्षक बर्फावर ऑक्टोपस फेकायचे. खराखुरा, उकडलेला. 1952 मध्ये, जुन्या ऑलिंपिया स्टेडियममध्ये, ईस्टर्न मार्केटच्या एका मासळीवाल्याने पहिला फेकला. कपासाठी तेव्हा आठ सामने जिंकावे लागत, म्हणून आठ पायांचा प्राणी. 'जो'चा व्यवस्थापक अल सोबोटका तो उचलायचा, डोक्याभोवती गरगर फिरवायचा, आणि लोक बेभान व्हायचे. मामी मालवणची. खायची वस्तू फेकतात म्हणून ती दर वेळी हळहळायची.

पाडला ते चुकलं असं मी म्हणणार नाही. 2013 मध्ये शहराचं दिवाळं निघालं आणि तडजोडीत ती जागा एका विमा कंपनीच्या हाती गेली. नवा अरीना ऐसपैस आहे, म्हणतात. फक्त त्याला नाव पिझ्झा कंपनीचं आहे. जुन्याला याच शहरात वाढलेल्या एका कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याचं होतं, तेही तो हयात असताना दिलेलं. हे काही मला अजून पचलेलं नाही. जेफरसन ॲव्हेन्यूवर जो लुईची ब्राँझची मूठ टांगलेली आहे, कोपरापर्यंतच्या हातासकट 24 फूट लांब. तुझ्या घरापासून पायी जाता येईल. ती आधी बघून ये.

आणि हॉकीला गेलीस तर तिकीट वरच्या रांगेचं काढ. खालून धडका छान दिसतात, खेळ दिसत नाही.

तुझा,
मामा