चार इमलीतली बाग

नवरात्रात चार दिवसांची सुट्टी काढून पुण्याहून भोपाळला घरी गेलो. घर म्हणजे चार इमलीतला सरकारी बंगला. वस्तीच्या नावातच चार चिंचा आहेत! जवळच एकांत पार्क, आणि जवळपास प्रत्येक कुंपणाच्या आत मोठी झाडं. पाऊस ओसरला की संध्याकाळी सप्तपर्णीचा उग्र वास रस्ताभर पसरतो.

सकाळी आई पारिजातकाखाली जुनी चादर अंथरून बसली होती. ही फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. इथे त्याला हरसिंगार म्हणतात. हे झाड आम्ही लावलेलं नाही. आमच्या आधी राहणाऱ्या कुणीतरी लावलं. त्यांना आम्ही कधी पाहिलं नाही, पण अकरा वर्षं त्यांची फुलं आमच्या देवांना वाहिली.

बाबा गुलाब छाटत होते. बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर, तिरपा काप देऊन. बाबा निवृत्त झालेत, दिवाळीनंतर घर सोडायचं आहे. मी म्हटलं, "बाबा, फुलं यायला सहा-सात आठवडे लागतील. तोवर आपण इथे नसणार."

"ऑक्टोबरात छाटला नाही तर थंडीत चांगलं फूल येत नाही," बाबा म्हणाले. "आपण कधी जाणार, ते गुलाबाला काय ठाऊक?"

मग त्यांनी फाटकाजवळची शेवंती दाखवली. बाकीच्या कुंड्यांत कळ्या धरल्या होत्या, हिच्यात एकही नाही. रात्र मोठी होऊ लागली की शेवंती कळी धरते, आणि हिच्यावर रात्रभर फाटकाचा दिवा! आम्ही दोघांनी कुंडी उचलून मागच्या अंगणात नेली.

आमच्या कामात प्रोजेक्ट सोडताना पुढच्या माणसासाठी हँडओव्हर लिहून ठेवतात. बाबांचं तेच चाललं होतं.

जून २०२४ मध्ये भोपाळच्या शिवाजीनगर-तुळशीनगर भागात नव्या सरकारी घरांसाठी सुमारे २९,००० झाडं जाणार, अशी योजना पुढे आली होती. लोकांनी झाडांना मिठ्या मारल्या आणि योजना मागे घेतली गेली. तिथेही सरकारीच घरं. राहणारे बदलत गेले, झाडं राहिली. त्या वेळी बातमी वाचून मी नुसती पुढे पाठवली होती. तिचा अर्थ आता आमच्या अंगणात कळला.

निघायच्या दिवशी छाटलेल्या गुलाबावर लालसर कोंबांची टोकं दिसू लागली होती. आईने शेवंतीचं एक रोप ओल्या फडक्यात बांधून दिलं. बाबांनी विचारलं, "तुझ्या बाल्कनीत ऊन किती तास येतं रे?"

मला सांगता आलं नाही. पाच वर्षं त्या फ्लॅटमध्ये राहतोय! पुण्याला आल्यावर पहिल्या रविवारी घड्याळ लावून मोजलं. साडेतीन तास. शेवंतीला कमीच पडेल. तरी कुंडी ठेवली आहे, आणि रात्री बाल्कनीतला दिवा आठवणीने बंद करतो.