डाव्या चाकाचा आवाज

2012 सालचा जून. आमच्याकडं तेव्हा एक जुनी पिकअप होती. आधीच्या तीन मालकांनी वापरलेली, आम्ही चौथे. ओतूरच्या पुढं माळशेज घाटाकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव. रानात टोमॅटो, जोडीला कोथिंबीर. नारायणगावच्या मार्केटला भाव पडला, की माल घेऊन घाट उतरायचा आणि मुरबाडवरनं कल्याण गाठायचं. साठ क्रेट म्हणजे बाराशे किलो. गाडी धाकटा भाऊ चालवायचा. मी रान आणि हिशेब बघायचो. पैशाचा निर्णय माझ्याकडं.

एक दिवस भाऊ म्हणाला, “दादा, पुढनं आवाज येतोय. भुंगा घोंगावल्यासारखा. उजवीकडं वळवली की वाढतो, डावीकडं वळवली की कमी होतो.”

मी म्हणालो, “टायरचा असंल.”

“टायरचा नाय. बेअरिंग वाटतंय.”

“एवढा तोडा निघू दे, मग बघू.”

त्या वर्षी टोमॅटोनं हात दिला नव्हता. औषधवाल्याची उधारी डोक्यावर होती. आवाज काय, जुनी गाडी आहे, करणारच, असं मी मनाला सांगितलं. एकाचे दोन तोडे झाले, दोनाचे तीन. भाऊ पुन्हा काही बोलला नाही. फक्त गाडी घेऊन जाताना स्टेअरिंगला हात लावायच्या आधी डाव्या चाकाकडं एकदा बघायचा. ते मला दिसत होतं.

एका पहाटे साडेपाचला त्याचा फोन आला. “दादा, टोकावड्यात थांबलोय. डाव्या चाकातनं धूर निघालाय. हात लावू देत नाय.”

टोकावडं म्हणजे घाटाच्या खाली. माल उतरवून तो रिकामा परत येत होता. म्हणजे आदल्या रात्री, भर पावसात, धुक्यात, साठ क्रेट भरून तो याच चाकावर घाट उतरला होता. फोन ठेवल्यावर मी ओट्यावर तसाच बसलो. आई विचारत होती, काय झालं? मला सांगता येईना.

ओतूरच्या मिस्त्रींना उठवलं. ते म्हणाले, “बेअरिंग सेट, ऑइल सील, ग्रीसचा डबा घेऊ. बाकी खोलल्यावर कळंल.” दुकान उघडायला लावून सामान घेतलं आणि मोटरसायकलवर दोघं घाट उतरलो. पाऊस तोंडावर मारत होता. दरीकडच्या कठड्याकडं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं.

भावानं गाडी एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली सरकवली होती. मी काही बोलायच्या आत मिस्त्री कामाला लागले. मागच्या चाकांना दगड लावले, पुढं खालच्या आर्मला जॅक लावून चाक उचललं आणि खाली लाकडी ठोकळे दिले. “नुसत्या जॅकवर कधी हात घालायचा नाय.” मग चाक वर-खाली धरून हलवलं. खडखड वाजलं. भावाला केबिनमध्ये बसवून ब्रेक दाबायला सांगितला आणि परत हलवलं. ब्रेक दाबल्यावर हब आणि स्टब एक होतात, त्यामुळं बेअरिंगचा प्ले जायला पाहिजे. खडखड कमी झाली, पण गेली नाही.

मिस्त्री खाली वाकून बॅटरीच्या उजेडात बघत होते. म्हणाले, “बेअरिंग तर गेलंच. पण खालचा बॉल जॉइंट पण गेलाय. हे बघ, रबर फाटलंय, आत पाणी आणि माती. हा निसटला असता तर चाक आत मुडपलं असतं. मग स्टेअरिंगचा काय उपयोग?”

भाऊ ब्रेकवर पाय ठेवून बसला होता. त्यानं ऐकलं. माझ्याकडं बघितलं नाही.

मी मुरबाडला बॉल जॉइंट आणायला निघालो. निघता निघता तोंडातनं गेलं, “उजवीकडचं राहू दे का? चालंल ना?” मिस्त्री काहीच बोलले नाहीत. पान्याला पुसत राहिले. मलाच लाज वाटली. मुरबाडहून दोन्ही बाजूंचे बॉल जॉइंट, वरचे आणि खालचे, आणि उजव्या चाकाचा बेअरिंग सेट, सगळंच घेऊन आलो. औषधवाल्याची उधारी अजून एक महिना.

परत आलो तर हब निघालेला होता. कॅलिपर तारेनं टांगून ठेवला होता, होजवर लोंबकळू दिला नव्हता. आतलं बेअरिंग स्टबला चिकटलेलं, ते छन्नीनं हळूहळू सरकवून काढलं. रोलर निळे-काळे पडले होते, काही चपटे झालेले. ग्रीसचा कोळसा झाला होता. मिस्त्रींनी स्टबवरनं नख फिरवलं. “नशीब. स्टब वाचलाय.” बारीक पॉलिश पेपर मारून तो साफ केला, डिझेलनं धुतला.

बॉल जॉइंट सोडवायचं काम मी केलं. नट काढून टाकायचा नाही, दोन-चार आटे अडकवून ठेवायचा, म्हणजे सुटल्यावर आर्म अंगावर येत नाही. मग नकलच्या डोळ्यावर दोन्ही बाजूंनी दोन हातोडे एकदम मारायचे. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाऊ. सहाव्या-सातव्या ठोक्याला तो सुटला. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम.

हबमधले जुने कप पितळी रॉडनं ठोकून काढले. “नवं बेअरिंग जुन्या कपात घालायचं नाय. ही जोडी असते.” नवा कप बसवायला मिस्त्रींनी जुनाच कप वर ठेवून ठोकला. ठोक्याचा आवाज आधी पोकळ येत होता. कप तळाला टेकला तसा आवाज घट्ट झाला. “आता बसला,” मिस्त्री म्हणाले. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंग त्यात दाबत राहायचं, दुसऱ्या बाजूनं रोलरांमधनं ग्रीस वर येईपर्यंत. हे काम भावानं केलं, मिस्त्रींनी सांगितलं त्यापेक्षा जास्त वेळ.

शेवटी नट. मी सवयीनं पाना घेऊन जोर लावायला गेलो. मिस्त्रींनी हात धरला. “इथं ताकद नाय दाखवायची. चाक फिरवत फिरवत आवळायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग ढिला करायचा आणि परत नुसत्या बोटांनी लावायचा. जास्त आवळला तर तापून जळतो, ढिला राहिला तर खडखडतो.” मग नवी स्प्लिट पिन. जुनी त्यांनी वाकडी करून फेकून दिली, कुणी परत वापरू नये म्हणून. उजवी बाजूही तशीच केली. संध्याकाळ झाली.

वर येताना गाडी भावानं चालवली, मी शेजारी. मिस्त्री मोटरसायकलवर मागं. आवाज नव्हता. वळणावर स्टेअरिंग सरळ होत होतं. घाटमाथ्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली. दोघं उतरलो आणि एकेका चाकाच्या हबला हात लावून बघितला. कोमट. दोन्ही सारखे.

मी म्हणालो, “तू सांगितलं होतंस.”

तो म्हणाला, “बेअरिंगला काय, आवाज तरी असतो. बॉल जॉइंटचं मलापण कळलं नव्हतं.” एवढंच. मला हलकं वाटावं म्हणून म्हणाला, हे कळायला मला पुष्कळ दिवस लागले.

घरी अण्णा ओट्यावर वाट बघत होते. मी जळकं बेअरिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते फिरवून बघितलं. म्हणाले, “गाडीबैल होता तवा आखाला वंगण नसलं की चाक ओरडायचं, बैल थांबायचा. मग धन्याला उतरावंच लागायचं. हितं डायवर काय, सांगितलं त्या वाटंनं जातो.” माझ्याकडं न बघता म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी नारायणगावला अलाइनमेंट करून आणली. चार-पाच खेपांनंतर मिस्त्रींनी चाक उचलून पुन्हा हलवून बघितलं. ती गाडी आम्ही पुढं पाच वर्षं वापरली. भाऊ कुठं थांबला, की पहिल्यांदा चाकाला हात लावून बघतो. आता नवी गाडी आहे, तरी तेच. आणि तो म्हणाला की आवाज येतोय, की मी दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. हिशेबाची वही नंतर उघडतो.