खडवलीचा तेरडा

कसाऱ्याची गाडी टिटवाळ्याला थांबली, गणपतीचे भक्त उतरले, की डब्यात प्रथमच मोकळा वारा शिरतो. पुढचे स्टेशन खडवली. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली १८५३ साली, आणि कल्याण ते वासिंद हा मार्ग सुरू झाला १८५५ साली; म्हणजे पुण्याच्या आधी खडवलीच्या रानाने आगगाडी पाहिली! पण गावाचे खरे नाव आहे ते भातसा नदीमुळे. मुंबईकराच्या नळाला येणाऱ्या पाण्यात मोठा वाटा हिचाच, हे तो पाणी तुंबेपर्यंत सहसा आठवत नाही.

उन्हाळ्यात इथे सहलीची माणसे डुंबतात. भादव्यात मात्र ही तीच नदी असे कोणाला वाटणार नाही. कितीतरी घरांतले तरुण मुलगे या पाण्याने नेले आहेत. तेव्हा आम्ही काठापासून दूरच राहिलो. आमचे काम नदीशी नव्हते, तेरड्याशी होते.

शेताच्या बांधावर, ओहोळाच्या कडेला, जिथे पाहावे तिथे गुलाबी तेरडा. आमच्याकडे गौर तेरड्याचीच. रोप मुळासकट आणायचे. मुळे म्हणजे गौरीची पावले. दोन वर्षांपूर्वी दादा गेला. गेल्या वर्षी गौर आणलीच नाही. यंदा आणायची ठरली, आणि वडीलधारी मंडळी हलक्या आवाजात धाकट्या सुनेचे नाव घेऊ लागली. वहिनींनी त्यावर एक शब्द काढला नाही. आम्हाला काळजी होती ती त्याचीच.

आंब्याच्या सावलीत टेकलो तेव्हा वहिनींनी पिशवीतून एक इवलीशी बाटली काढली आणि चार थेंब जिभेवर सोडले.

“हे काय हो वहिनी?”

“फुलांचं पाणी, भाऊजी. मनाला उतार पडावा म्हणून.”

ही विद्या डॉ. एडवर्ड बाख या इंग्रज वैद्याची. जन्म १८८६, मृत्यू १९३६. लंडनमधला चालता धंदा १९३० साली सोडून हा गृहस्थ रानोमाळ फुले शोधत हिंडला. स्वच्छ उन्हाच्या सकाळी काचेच्या वाडग्यात झऱ्याचे पाणी घ्यायचे, त्यावर फुले तरंगत ठेवायची, तीन तासांनी पाणी गाळून त्यात तितकीच ब्रँडी मिसळायची. (आमच्या माळकरी घरात ही शेवटची गोष्ट कोणाला सांगितलेली नाही.) मग त्यातले दोन-चार थेंब पुन्हा दुसऱ्या बाटलीत. काही झाडांचे अर्क उकळूनही काढतात. असे एकंदर ३८ अर्क; कोणता भीतीवर, कोणता अपराधाच्या टोचणीवर, कोणता आघातावर. माणसाने आपला स्वभाव ओळखावा, म्हणजे दुखणे हटेल, ही बाखची श्रद्धा. १९३१ सालच्या त्याच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थही ‘स्वतःच स्वतःला बरे करा’ असाच आहे.

वहिनींच्या बाटलीत पाच फुलांचे अर्क होते आणि त्यातले एक निघाले तेरड्याच्या कुळातले! शास्त्रीय नाव ‘इंपेशन्स’, म्हणजे अधीर. पिकलेल्या बोंडाला बोट लावले की ते फट्‌कन फुटून बिया उडवते, त्यावरून हे नाव. आणि बाखने ते दिले उतावळ्या माणसांना. साडेआठची गाडी धरणाऱ्या प्रत्येकाला हा अर्क फुकट वाटायला हरकत नाही. गंमत अशी, की बाखचे हे फूल मूळचे हिमालयातले. १८३९ च्या सुमारास ते विलायतेत बागेच्या शोभेसाठी गेले आणि आता तिकडच्या नदीकाठांवर तण म्हणून माजले आहे.

गुणाचे म्हणाल, तर एडझर्ड अर्न्स्ट यांनी २०१० साली या अर्कांवरचे प्रयोग एकत्र तपासले. नावापुरत्या दिलेल्या बिनऔषधी थेंबांपेक्षा यांचा प्रभाव अधिक आढळला नाही. मला ते पटते. झोपेसाठीची डॉक्टरांची गोळी वहिनींनी सोडली नव्हती, हे बरेच. पण ‘गुण येतो का?’ असे मी विचारले, तेव्हा त्या बाटलीबद्दल बोलल्याच नाहीत.

“ज्या बाईंनी ही दिली, त्यांनी तासभर बसवून विचारलं. राग येतो का, कोणाचा येतो, पहाटे जाग आली की पहिलं काय मनात येतं? त्याशिवाय फूल ठरवता येत नाही म्हणे. दोन वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं, भाऊजी. जेवलात का, झोप लागली का, एवढंच.”

“मग काय सांगितलंत?”

“राग येतो म्हटलं. ह्यांचासुद्धा. न सांगता गेले.” जरा थांबून म्हणाल्या, “आणि गौरीचं सगळे माझ्या पाठीमागे बोलतात, त्याचाही.”

यावर मी काय बोलणार! ऊन चढले होते. वहिनी उठल्या, पदर खोचला आणि बांधावर वाकून रोपे उपटू लागल्या. मी एक उपटून दिले तर बाजूला टाकले. मुळे तुटली होती. त्यांनी बोटांनी माती मोकळी करत पाच रोपे अखंड काढली, ओहोळात धुतली आणि ओल्या फडक्यात गुंडाळली.

स्टेशनवर एक भाजीवाली आजीबाई शेजारी येऊन बसली. फडक्याकडे पाहून म्हणाली, “गौर का? कोण घेणार घरात?”

“मी,” वहिनी म्हणाल्या, आणि रोपे मांडीवर सारखी केली.