कुऱ्हाडीची नदी

आधी आवाज येतो. दगडांमधून वळण घेतलं की समोर काळ्याकभिन्न कड्यावरून पांढराशुभ्र लोट कोसळतोय, आणि तुषार असे गार की गाल बधिर व्हावेत! कडा थेट सह्याद्रीतला वाटतो. दगडही तोच, बेसॉल्ट. पण आपला साडेसहा कोटी वर्षांचा, आणि हा लाव्हा जेमतेम 10,000 वर्षांपूर्वी थिजलेला.

आइसलँडमधल्या थिंगवेलिरची ही ओक्सराऊ. ओक्सराऊ म्हणजे कुऱ्हाडीची नदी.

आपल्याकडे नदी म्हटली की कृष्णामाई, गोदामाई. तिच्यामागे एखादा ऋषी, एखादं वरदान. इथली कथा स्तुर्लुंगा सागा या जुन्या ग्रंथात आहे. केटिलब्योर्न नावाचा माणूस राहायला जागा शोधत निघाला होता. वाटेत गोठलेली नदी आडवी आली, बर्फाला भोक पाडताना कुऱ्हाड पाण्यात पडली. झालं, पडलं नाव! देव नाही, शाप नाही. हरवलेलं एक हत्यार, आणि हजार वर्षांनंतरही नकाशावर तेच नाव.

तोच ग्रंथ पुढे सांगतो की नदीचा प्रवाह नंतर अल्मन्नग्याऊ या घळीत वळवला. सन 930 पासून इथे उघड्या माळावर देशाची लोकसभा भरत असे. सारा मुलूख लोटायचा, तंबू पडायचे; त्या गर्दीला पाणी हवं म्हणून हा उपद्व्याप केला, असं मानतात. म्हणजे हा धबधबासुद्धा माणसाच्या हातचा! मी कितीतरी वेळ त्या लोटाकडे पाहतच राहिलो.

घळीच्या भिंती सरळसोट उभ्या, मधून वाट, शेवाळ असं हिरवंगार की श्रावणातला राजगड आठवावा. उत्तर अमेरिका आणि युरेशिया यांचे भूपट्ट इथे एकमेकांपासून दूर सरकताहेत, दरवर्षी काही मिलिमीटर. जमीन फाटतेय आणि त्या भेगेतून नदी वाहतेय!

खाली एक डोह आहे, संथ आणि काळा. 1564च्या कडक कायद्यानंतर व्यभिचारासारख्या आरोपांखाली बायकांना या पाण्यात बुडवून मारत. डोहाचं नावच बुडवण्याचा डोह. तिथे माझा पाय निघेना.

आणि मग नदी थिंगवल्लावात्न सरोवराला मिळते. केवढा विस्तार! सुमारे 84 चौरस किलोमीटर, कुठे पोलादी निळा, कुठे हिरवा, आणि 114 मीटरपर्यंत खोल. गंमत अशी की यातलं नव्वद टक्के पाणी नद्यांचं नाहीच. लांगयोकुल हिमनदीचं वितळलेलं पाणी लाव्हाच्या थरांतून वर्षानुवर्षं झिरपत येतं आणि तळातून, काठातून उफाळतं. सिल्फ्रा नावाच्या भेगेत वाकून पाहिलं, तर पाणी आहे की नुसती निळी हवा, कळेना!

एवढ्या सरोवरात ओक्सराऊचा वाटा अगदी थोडा. तरी लोककथा तिच्याच. म्हणे, वर्षाच्या शेवटच्या रात्री घटकाभर तिचं पाणी मद्य होतं. आणि एकदा ते रक्त झालं, तेव्हा पुढच्या सभेत तलवारी निघाल्या.